रत्नव्वा आणि काळी तार

रत्नव्वा मगदूमला काळवंडलेली चांदी बघवत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या पायातले पैंजण काळे दिसले, तर ओळख ना पाळख, रत्नव्वा वाकून बघायची आणि म्हणायची, "पावणं, रिठ्याच्या पाण्यात उकळून पितळी ब्रश मारा की जरा. चांदी हाय ती, बिडाचा तवा न्हवं." शेजारीण लाल व्हायची. रत्नव्वा पुढची पुरी वाढून घ्यायची. आपण कुणाचा अपमान केला हे तिच्या गावीही नसायचं, उलट चांदीची बाजू घेतल्याचं समाधान असायचं.

तिचा जन्म हुपरीचा आणि सासरही हुपरीचंच. ज्या गावात दर दुसऱ्या दारात चांदीवर हातोडी वाजते, तिथं पोरीला चालायला आणि चांदीचे सांधे डाग देऊन जोडायला बहुतेक एकाच वर्षी शिकवतात. नवरा महालिंग पोलादी पट्टीच्या भोकांतून चांदीची तार ओढायचा आणि रत्नव्वा त्या तारेला उजाळा द्यायची. चाळिशीच्या आत महालिंग गेला. दीर-जावांच्या घरात तिची भाकरी जड व्हायला लागली, तेव्हा तिनं कोल्हापुरात भावाचं घर गाठलं. भावाच्या खटपटीनं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ती परिचर म्हणून लागली. काचसामान धुवायचं, सूक्ष्मदर्शक पुसायचे, प्रयोगाच्या वेळी हाताशी उभं राहायचं, असं काम. शिक्षण चौथीपर्यंत, तेही निम्मं कानडी. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे ती कुठल्याही भाषेतले ओळखायची.

एक अडचण मात्र होती, आणि ती लहानसहान नव्हती. रत्नव्वा लिंगायत, गळ्यात लिंग होतं. घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. आणि इथं तर दर आठवड्याला बेडूक कापायचे! पहिल्या महिन्यात ती दोनदा नोकरी सोडून निघाली होती आणि दोनदा भावानं हातापाया पडून परत पाठवली. शेवटी तिनं स्वतःच तोडगा काढला. बेडकाला ती हात लावायची नाही. त्याचा जीव जायच्या वेळी ती व्हरांड्यात जाऊन उभी राहायची, "शिव शिव" म्हणायची आणि मग आत यायची. मात्र एकदा जीव गेला की त्याचं काम पुरं झालंच पाहिजे, हा तिचा कायदा. एकदा बी.एस्सी.ची चार पोरं प्रयोग अर्धा टाकून सिनेमाला निघाली, तर ही बाई दारात आडवी उभी राहिली. "जीव घेतलाय न्हवं त्याचा? मग बसा. पुरं करा." पोरं मुकाट्यानं परत जाऊन बसली. राजशेखर सर, म्हणजे विभागप्रमुख, खुर्चीतून हे बघत होते, पण मध्ये पडायची त्यांचीही छाती झाली नाही.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात वर्षाराणी आली. नेसरीकडची शेतकऱ्याची मुलगी, बोलायला फटकळ, चालायला भरभर, आणि एकदा हातात घेतलेलं सोडायचं नाही असा स्वभाव. तिला एम.फिल. करायचं होतं, आणि ते हौसेनं नव्हे. वारणानगरच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची एक जागा होती. तिथल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तुझा प्रबंध तीस एप्रिलपर्यंत विद्यापीठात गेला तर जागा तुझी, नाही तर आम्ही दुसरं माणूस बघतो. तिच्या घरात आजवर कुणी पगारपत्रकावर सही केली नव्हती. तीस एप्रिल ही तारीख त्या पोरीनं वसतिगृहातल्या खोलीत भिंतीवर खडूनं लिहून ठेवली होती.

प्रबंधाचा विषय रत्नव्वाला तिनं पहिल्याच आठवड्यात समजावला. तेव्हा दोघी बेसिनपाशी उभ्या होत्या.

"अक्का, आपल्या अंगातली एकएक पेशी म्हंजे बारकी बॅटरीच हाय."

"मग आमच्या अंगात लाइट लागंना ती?"

"ऐका तर. पेशीच्या आत पोटॅशियमची गर्दी, बाहेर सोडियमची. मधी पडदा. पडद्याला दारं हायत, पण पेशी निवांत पडलेली असली की उघडी असतात ती बहुतेक पोटॅशियमचीच. गर्दीतनं माणूस मोकळ्याकडं सरकतंय, तसं पोटॅशियम बाहेर निघतंय. पण ते जाताना धन भार घिऊन जातंय. मागं राहिल्याली जी मोठी मंडळी, त्यांना दारातनं जाता येत न्हाय, आन ती ऋण. ती त्याला मागं वडत्यात."

रत्नव्वानं काचेचा पेला पालथा घातला. "म्हंजे निघालीया खरी, पण कुणीतरी पदर धरलाय."

"व्हय की!" वर्षाराणी उडालीच. "बाहेर ढकलणारी गर्दी आन मागं वडणारा पदर, दोन्हींचा जोर सारखा झाला की तिथं थांबतंय. त्या वक्ताला आतली बाजू बाहेरच्यापरीस नव्वद मिलिव्होल्टनं उणी असती. टॉर्चच्या सेलचा सोळावा-सतरावा हिस्सा. बेडकाच्या मांडीत मी तेच मोजणार. आन बाहेरचं पोटॅशियम वाढवत न्यायचं. बाहेर बी गर्दी झाली की जायची ओढ कमी, मग काटा शून्याकडं सरकतोय. दहापट वाढवलं की साठ मिलिव्होल्टनं सरकाया पायजे. रेघ सरळ आली पायजे, बास."

"आन बेडूक मेल्यावर?"

"मांडी थोडा येळ जगती. आत एक पंप असतोय, सोडियम बाहेर काढतोय, पोटॅशियम आत घेतोय. तो बंद पडला की हळूहळू दोनी बाजू सारख्या. काटा शून्यावर."

रत्नव्वा पुढचा पेला विसळायला लागली. मग म्हणाली, "तर मग चटशिरी मोजाया पायजे. उगं हिकडं-तिकडं कराया वेळ न्हाय."

मोजायची रीत अशी. केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची पोकळ सुई घ्यायची, तिच्यात पोटॅशियमचं खारं पाणी भरायचं, त्या पाण्यात चांदीची तार सोडायची. दुसरी चांदीची तार बशीतल्या खाऱ्या पाण्यात, जिथं मांडी ठेवलेली असते. दोन्ही तारा यंत्राला जोडायच्या. सुईचं टोक पेशीत शिरलं, की यंत्राचा काटा झटकन उण्याकडं पडायला हवा आणि तिथं बसायला हवा. तारा चांदीच्या आहेत म्हटल्यावर रत्नव्वाचा जीव त्या यंत्रावर जडला, हे सांगायला नकोच.

आणि इथंच घोळ झाला होता. तो वर्षाराणी यायच्या आधीच होऊन बसला होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. यंत्र उभं केलं होतं शिवांजलीनं, आधीच्या विद्यार्थिनीनं. नुसती चांदी खाऱ्या पाण्यात बुडवली तर तिचा तिलाच थारा नसतो, तिचं स्वतःचं व्होल्टेज मनाला येईल तसं वरखाली होतं. तिच्यावर चांदीच्या क्लोराइडचा पातळ काळपट थर चढवला, की मग ती शांत बसते. शिवांजलीनं चार तारांवर तसा थर चढवून त्या डबीत ठेवल्या, सरांना सांगितलं आणि ती पुण्याला निघून गेली. राजशेखर सरांचा खरा अभ्यास पंचगंगेतल्या माशांचा. त्यांनी मान हलवली आणि विसरून गेले. वर्षाराणीला त्यांनी एवढंच सांगितलं, की तारा तयार आहेत.

ती डबी शुक्रवारी रत्नव्वाच्या हाती लागली. सोमवारी नवी पोर येणार आणि तिच्या पुढ्यात ही असली कळकट चांदी? हुपरीच्या बाईनं काय करावं, तुम्हीच सांगा. रत्नव्वानं पदर खोचला, रिठे भिजवले, चिंच घेतली, पितळी ब्रश घेतला आणि चारही तारा अशा लखलखीत केल्या की महालिंग असता तर खूश झाला असता. पुढं दर शनिवारी हाच नेम. वर्षाराणीनं त्या तारा काळ्या अशा कधी बघितल्याच नाहीत. पुस्तकात क्लोराइडचा उल्लेख होता, पण तारा तयार आहेत म्हटल्यावर तिनं तो झाला असं धरलं.

मग काटा भटकायला लागला. उणे साठ, उणे एकशे पाच, उणे बहात्तर. सुई एका पेशीत स्थिर, आणि काटा मात्र जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. वर्षाराणीनं काय नाही केलं? टेबल हलतंय म्हणून स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर शहाबादी फरशी टाकली. विजेच्या तारांचा त्रास होतोय म्हणून गोड्या तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून यंत्राभोवती पिंजरा केला. पंखा बंद ठेवून घामाघूम होऊन बसली. काचेच्या सुया तर शेकड्यांनी तापवून ओढल्या असतील. मार्च संपेपर्यंत तेरा बेडूक झाले आणि एक रेघ सरळ येईना. तेराच्या तेरा वेळा रत्नव्वा व्हरांड्यात उभी राहिली होती.

"सरासरी काढ," राजशेखर सर म्हणाले. "ब्याऐंशी येतेय. पुस्तकात नव्वद. म्हणजे जवळच आहे की. लिहायला बस आता."

"सर, पेशी भटकत न्हाय, काटा भटकतोय. ते मी पेशीच्या नावावर कसं लिहू?"

"तीस एप्रिल कुणाची आहे? माझी का तुझी?"

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते सरांपुढं गाळलं नाही. ती लिहायला बसली, आणि दुपारी परत यंत्रावर.

एप्रिलच्या सात तारखेला मंगळवारी रत्नव्वा बेसिन घासायला मगात ब्लीचिंग पावडर कालवत होती. जवळच्या फळीवरून तारांची एक जोडी मगात पडली. तिला कळलं ते तासाभरानं, आणि तारा बाहेर काढल्या तर काय, जांभळट काळ्या! ती ब्रश शोधायला वळणार, तेवढ्यात आतून हाक आली, "अक्का, तारा! मांडी उघडलीया, थांबायची न्हाय ती!"

घासायला वेळच नव्हता. तिनं तारा साध्या पाण्यात विसळल्या, तशाच यंत्राच्या मुठीत बसवल्या आणि मान खाली घालून दिल्या. वर्षाराणीचं लक्ष मांडीकडं. तिनं सुई खाली आणली. काटा झटकन पडला, उणे एकोणनव्वद, आणि बसला. बसला म्हणजे अगदी बसला. दुसरी पेशी, अठ्ठ्याऐंशी. तिसरी, नव्वद. बाहेरचं पोटॅशियम वाढवलं तसा काटा पायरीनं सरकला आणि प्रत्येक पायरीवर थांबला. वर्षाराणी आनंदानं ओरडली, "अक्का, असला बेडूक आजपतोर का न्हाय आणला केरबामामानं? त्याला सांगा, ह्याच शेतातलं आण!" सगळं श्रेय बेडकाला आणि तो पुरवणाऱ्या केरबाला गेलं; ब्लीचिंगमधल्या क्लोरीननं तारांवर तोच क्लोराइडचा थर चढवला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी रत्नव्वानं नेमाप्रमाणे तारा लख्ख केल्या. सोमवारी नवा बेडूक, आणि काटा परत भटकायला लागला. वर्षाराणी डोकं धरून बसली. रत्नव्वा मात्र दारात खिळल्यासारखी उभी होती. तारेखेरीज काही बदललं नव्हतं. तोच केरबा, तेच शेत, तेच टेबल.

दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. किल्ली रत्नव्वाकडं असायची. सकाळी देवपूजा करून ती एकटीच कॉलेजात आली. यंत्र कसं सुरू करायचं हे बघून बघून तिला पाठ झालं होतं. बशीत खारं पाणी ओतलं. बेडूक नाही, सुई नाही, काही नाही. दोन घासलेल्या तारा त्यात सोडल्या. काटा आपला आपणच हालायला लागला, दहा, पंचवीस, परत सात. मग दुसऱ्या दोन तारा तिनं अर्धा तास ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवल्या, धुतल्या आणि सोडल्या. काटा शून्यापाशी आला आणि गप्प. तिनं उलटसुलट करून तीनदा बघितलं. तीनदा तेच झालं.

"अय्यो शिवनं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

आता खरी गोष्ट अशी, की ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. गुरुवारी सर प्रबंधावर सही करणार होते. पोरीला नोकरी लागली असती. आणि सांगितलं तर? पोरीचं वर्ष पाण्यात, आणि आपल्याला प्रयोगशाळेतून काढून अंगण झाडायला लावतील, तेही पन्नाशीला आल्यावर. हे सगळं तिनं मनात उलटंपालटं केलं. पण तो चांगला दिवस सोडला तर कालचा धरून चौदा बेडूक झाले होते. चौदा जीव गेले, आणि त्यांच्यावर लिहिलेले आकडे खोटे. जो कायदा ती दुसऱ्याला सांगत आली, तो तिनंच मोडला होता. ते तिला सोसवेना. तारा काळ्याच ठेवून तिनं कुलूप लावलं.

बुधवारी सकाळी तिनं ब्लीचिंगचा मग आणि चारही तारा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. वर्षाराणी तिथंच होती.

"सर, चौदा बेडकं माझ्या हातानं वाया गेली," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

सर उठून उभे राहिले. "तारांना हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. हुपरीत सांगावं लागत न्हाय."

सर पुढं काही बोलणार होते, पण तोंड उघडं ठेवून थांबले. बहुधा शिवांजली आठवली असावी. खाली बसून, आवाज उतरवून ते म्हणाले, "झालं ते झालं. हे तिघांच्या बाहेर जायला नको. सरासरी काही फार चुकलेली नाही. परीक्षकाला तार दिसत नाही, कागद दिसतो. वर्षा, तुझी जागा घालवू नकोस."

वर्षाराणीनं एक काळी तार उचलून उजेडात धरली. मग तिनं टेबलावरची आपली वही ओढली, पेन काढलं आणि पहिल्या पानापासून एकेक आडवी रेघ मारत गेली.

"अगं, काय करतेस? आज पंधरा तारीख आहे!"

"पंधरा दिवस हायत, सर."

"आणि बेडूक? उन्हाळ्याचे बेडूक जमिनीत जाऊन बसलेत. केरबाच म्हणतो, आता मिळत नाहीत."

"ती मी आणती," रत्नव्वा म्हणाली. सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं मटण शिजवून आणते म्हटलं असावं.

केरबा कसबा बावड्याकडचा. उसाला पाणी पाजायचा आणि जोडीला कॉलेजांना बेडूक पुरवायचा. दुपारी रत्नव्वाला बांधावर बघून त्याच्या हातातलं खोरंच गळालं. "रत्नव्वा? तू? आन बेडूक?"

"तू उकर. मी धरती."

पाटाच्या कडेला, जिथं उसाची ओल धरून राहिली होती, तिथं केरबानं माती उकरली. पहिला बेडूक दिसला तेव्हा रत्नव्वाचा हात मागं आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं डोळे उघडे ठेवून हात घातला. थंडगार, बुळबुळीत, आणि मुठीत त्याचा गळा धडधडत होता. तिला रडू आलं. "शिव शिव," ती म्हणाली, "तुझं काम पुरं करीन बाबा. एक बी वाया जाऊ देणार न्हाय." दोन दिवसांत, चिखलानं कोपरापर्यंत माखून, तिनं आठ बेडूक ओल्या गोणपाटात घातले. केरबा त्या दोन दिवसांत तिची एकदाही थट्टा करू धजला नाही.

मग अकरा दिवस दोघींनी रक्ताचं पाणी केलं. रत्नव्वा सकाळी सातला यायची. तारा ब्लीचिंगच्या पाण्यात काळ्या करायची, खाऱ्या पाण्यात सोडून काटा शून्यापाशी गप्प बसतो का बघायची, आणि बसल्याशिवाय बेडकाच्या टाकीचं झाकण काढू द्यायची नाही. जन्मभर काळेपणा घासून काढणारी ही बाई आता डोळ्यांत तेल घालून तो राखत होती. झाडणाऱ्या बाळाबाईनं सहज फडकं घेऊन डबीला हात लावला, तर रत्नव्वा तिच्या अंगावर अशी धावली की ती बिचारी दोन दिवस त्या खोलीत आली नाही. आता रत्नव्वा व्हरांड्यातही जात नव्हती. शेवटपर्यंत तिथंच उभी राहायची. सुई पेशीत शिरली की काट्याकडं बघून ती आकडा सांगायची आणि वर्षाराणी लिहायची. वीज गेली की दोघी बसून राहायच्या, आली की परत सुरू. आठातले सात बेडूक लागले. आठवा तिनं स्वतः नेऊन पाटात सोडला.

नवव्या दिवशी राजशेखर सर आले. त्यांनी स्वतः सुई वर उचलली, काटा शून्यावर आला. दुसऱ्या पेशीत उतरवली, उणे नव्वद. परत उचलली, शून्य. परत उतरवली, उणे एकोणनव्वद. मग त्यांनी भिंतीवरचा आलेख बघितला. पोटॅशियम वाढेल तशी रेघ सरळ शून्याकडं गेलेली, दहापटीला साठ. फक्त जिथं बाहेर पोटॅशियम फार थोडं, तिथल्या टोकाला ती जराशी वाकलेली.

"इथं वाकली का?"

"थोडं सोडियम आत झिरपतंय, सर. वाकायलाच पायजे," वर्षाराणी म्हणाली.

सर खिडकीकडं वळले. "शिवांजलीनं मला तारांचं सांगितलं होतं, रत्नव्वा. मी विसरलो."

"आमी बी इचारलं न्हाय," रत्नव्वा म्हणाली. तिला त्या क्षणी सरांची कीव आली, पण तिनं त्यांची चूक अंगावर घेतली नाही.

लिहिताना शेवटची ठिणगी पडली. प्रबंध इंग्रजीत, पण वर्षाराणीनं ते पान रत्नव्वाला मराठीत सांगितलं. सुरुवातीच्या चौदा प्राण्यांची मोजमापं काही तांत्रिक कारणानं रद्द केली आहेत, असं तिथं होतं.

"तांत्रिक म्हंजे कोण?" रत्नव्वानं विचारलं.

"कोण न्हाय अक्का. असंच लिहायची पद्धत हाय."

"चौदा जीव घेणारं कोण न्हाय? माझं नाव घाल. रत्नव्वा मगदूमनं तारा घासल्या, असं लिव्ह."

"रत्नव्वा," सर म्हणाले, "लिहिलेलं कायम राहतं. तुमच्या नोकरीच्या दृष्टीनंही बरं नाही."

"राहतंय म्हणूनच लिव्हा. उद्या मी न्हाय. माझ्या जागी दुसरी ईल. ती बी स्वच्छच ठेवाया बघंल की. तिला कोण सांगणार, पुण्याची शिवांजली?"

वर्षाराणीनं ते वाक्य खोडलं. तीस एप्रिलला साडेचार वाजता प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत गेला. जूनमध्ये वर्षाराणी वारणानगरच्या गाडीत बसली तेव्हा तिनं रत्नव्वाला खाली वाकून नमस्कार केला, आणि रत्नव्वानं तिला पोटाशी धरलं. रत्नव्वाला अंगण झाडायला कुणी लावलं नाही.

त्यानंतर आठ वर्षं गेली. रत्नव्वाच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. भावाची नात दानेश्वरी त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली होती. एके दिवशी दुपारी रत्नव्वा तिला म्हणाली, "लायब्रीत वर्षाचा प्रबंध हाय बघ. त्यात माझी चूक लिव्हलीया. काढ आन मला वाचून दाखव. जायच्या आधी बघितली पायजे, नीट लिव्हलीया का न्हाय."

दानेश्वरीनं तो जाडा प्रबंध आणून प्रयोगशाळेतल्या टेबलावर उघडला. पान सापडायला वेळ लागला. मग ती इंग्रजी वाक्य मनात लावून मराठीत सांगायला लागली.

"सुरुवातीच्या चौदा बेडकांची मोजमापं रद्द केली आहेत. तारांवरचा क्लोराइडचा थर प्रयोगशाळा परिचर रत्नव्वा मगदूम यांनी घासून काढला होता."

रत्नव्वानं मान डोलावली. "बरोबर. झालं न्हवं?"

"न्हाय आज्जी, पुढं बी हाय." दानेश्वरी थांबत थांबत म्हणाली, "दोष कुठं आहे हे दुसऱ्या कुणालाही सापडलं नव्हतं. तो त्यांनी स्वतः शोधला आणि कुणी विचारलेलं नसताना येऊन सांगितला. त्यानंतरची सगळी मोजमापं त्यांनीच तयार केलेल्या तारांनी घेतली आहेत. या प्रबंधातली सरळ रेघ त्यांची आहे."

"हे मी सांगितलं न्हवतं," रत्नव्वा एकदम रागानं म्हणाली. "मी एवढीच चूक लिव्हाया सांगितली हुती. जास्तीचं कुणी लिव्हलं?"

"वर्षाराणी बाईंनीच असंल की."

"मला न इचारता?"

रत्नव्वानं प्रबंध स्वतःकडं ओढून घेतला. ओळी तिला वाचता येणार नव्हत्या. तिनं चष्मा सारखा केला आणि वरून खाली आकडा शोधत बोट नेलं. चौदाचा आकडा तिचा तिलाच सापडला. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "परत वाच. सगळं वाच. हळू." आणि दानेश्वरी वाचायला लागली तशी रत्नव्वा, बोट तिथून न हलवता, रडायला लागली.